नाब्लाच्या हातचं बेणं

पेरावं तसं उगवतं, असं म्हणतात. ज्या शहाण्यानं हे पहिल्यांदा म्हटलं त्यानं बटाट्यावरचा करपा, उभं पीक काळं करून सडवणारा रोग, बघितला नसणार. नाब्लासमोर कुणी ही म्हण काढली की ती थुंकायची. म्हातारपणी तर समोर पाद्रीबाबा असला तरी थुंकायची आणि वर म्हणायची, “बाबा, तुम्ही प्रार्थना सांगा. शेतीचं राहू द्या.”

आणि तरुणपणी हीच बाई हीच म्हण गावभर सांगत फिरायची.

कॉनमाराच्या किनाऱ्यावर, डोंगर आणि खाडीच्या बेचक्यात बावीस दगडी घरांचं गाव. ओट पिकायचे, ते जमीनदाराच्या नावानं बंदरावर जायचे. डुक्कर घरात वाढायचं, तेही त्याच वाटेनं जायचं. आपला म्हणावा असा एक बटाटा. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, संध्याकाळीही बटाटाच, सोबत मिळालं तर ताक. नाब्लाचा नवरा फेस्टी मोठा थट्टेखोर. तो छपराच्या वाशाला एक खारवलेला मासा टांगून ठेवायचा आणि प्रत्येक बटाटा त्या माशाला दाखवून तोंडात टाकायचा. “आज मासा जरा खारट झालाय गं,” म्हणायचा. त्यांची एकुलती एक पोर ओनोरा हसून हसून लोळायची. मासा महिनोन् महिने तसाच लोंबत राहायचा.

खायची रीत ठरलेली होती. बटाटा पुरता शिजवायचा नाही, मधे गाभा कच्चा ठेवायचा. कच्चा गाभा पोटात बसून राहतो, भूक लवकर फिरकत नाही. आणि भांडं चुलीवरून उतरलं की घराचं दार उघडं टाकायचं. बाहेर कितीही वारा असो, वाटेवरून जाणारा कुणीही असो, त्यानं आत येऊन बटाटा उचलायचा. दार लावून जेवणारं घर गावात एकही नव्हतं. असतं तर त्या घरात कुणी मुलगी दिली नसती.

नाब्लाचं नाव होतं ते बेणं कापण्यात. बटाट्याचा डोळा मागच्या गरासकट कापून काढायचा आणि तो वरंब्यात लावायचा. उरलेला गाभा भांड्यात. हे बायकांचं काम, आणि दिसतं तेवढं सोपं नाही. डोळा जाड कापला तर पिकाला ताकद मिळते, पण भांड्यात कमी पडतं. पातळ कापला तर भांडं भरतं, पण तो डोळा ओल्या मातीत कोंब धरायच्या आधीच सडतो. नाब्ला अंगठ्याच्या एका पेराएवढा गर मागं ठेवायची, ना कमी ना जास्त. तिनं कापलेला डोळा फुकट गेला असं कधी झालं नाही. वसंत लागला की निम्म्या गावातल्या बायका आपापली पाटी घेऊन तिच्या अंगणात यायच्या.

फक्त शेजारची विनी यायची नाही. विनीचा नवरा होडीसकट बुडालेला, पदरात ओनोराच्याच वयाची सबीना. विनी डोळे स्वतःच कापायची, आणि कापायची अगदी पातळ.

“विनी, डोळे कापतेयस की नखं?” नाब्ला कुंपणावरून विचारायची.

“तू तुझ्या वरंब्याला जेवू घाल, बाई. मी माझ्या पोरीला घालते.”

“पेरावं तसं उगवतं, भवाने!”

“उगवेल तेव्हा बघू. पोरीला भूक आज लागलीय.”

बायका हसायच्या. विनीच्या वरंब्यात जागोजागी खाडे असायचे आणि जुलै-ऑगस्टात तिच्या घरात हमखास उपास घडायचा. नाब्ला तिला तेव्हा आपले बटाटे द्यायची आणि त्याबरोबर चार शब्दही सुनवायची. त्याशिवाय दानाला चव येत नाही म्हणतात.

मग अठराशे सेहेचाळीस सालचा ऑगस्ट आला. आदल्या वर्षी करप्यानं निम्मं पीक नेलं होतं, तरी लोक म्हणाले, एक वर्ष वाईट जायचंच. त्या सकाळी खाडीवरून धुकं चढलं आणि त्याच्यामागून वास आला. कुजल्याचा, गोडसर, घशात बसणारा वास. दुपारपर्यंत हिरवेगार वरंबे काळे पडले होते. बायका शेताच्या बांधावर बसून छाती पिटत होत्या, पुरुष नुसते उभे होते. नाब्ला रडत बसली नाही. तिनं फावडं घेतलं आणि खाडीकाठच्या वाळूच्या पट्टीवर पळाली, कारण तिथं करपा अजून पोचला नव्हता. शेजारच्या पट्टीवर विनी. दोघींनी अंधार पडेपर्यंत खणलं. नाब्लाला तीन पाट्या चांगले बटाटे मिळाले, विनीला एक.

“देव पावला,” फेस्टी म्हणाला. “हिवाळा निघेल.”

“हे खायचं नाही,” नाब्ला म्हणाली. “हे बेणं आहे.”

“अगं, आणि खायचं काय?”

“ते बघू. खाल्लं तर महिना निघेल, लावलं तर वर्ष.”

काय चुकीचं बोलली ती? कुठल्याही शेतकऱ्याच्या बायकोनं हेच म्हटलं असतं. बेणं खाल्लं ते घर संपलं, हे आमच्याकडं पोराला आईच्या दुधाबरोबर शिकवतात. तिनं पलंगाखाली सुक्या मातीत बटाटे पुरले आणि दर रविवारी एकेक बाहेर काढून, हुंगून, सडका बाजूला करून पुन्हा पुरले.

तो हिवाळा कसा गेला ते विचारू नका. असा बर्फ म्हाताऱ्यांनीही बघितला नव्हता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसा. फेस्टी सरकारी रस्त्यावर खडी फोडायला जायचा. तो रस्ता डोंगरातल्या दलदलीत जाऊन संपत होता, पुढं कुठंच जात नव्हता. पण गरिबाला फुकट खायला घातलं तर तो बिघडतो, असं वरच्या लोकांचं म्हणणं, म्हणून रस्ता. त्याच आठवड्यांत बंदरावरून ओटानं भरलेली गलबतं शिपायांच्या पहाऱ्यात निघत होती. खडी फोडता फोडता फेस्टीला त्यांची शिडं दिसायची. घरी तो पिवळं मक्याचं पीठ आणायचा, मूठ-दोन मूठ. वाशावरचा मासा त्यांनी नाताळच्या आधीच खाल्ला होता, काट्यासकट. त्यानंतर फेस्टीनं थट्टा केली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी नाब्लाला उकडलेल्या बटाट्याचा वास आला. आधी तिला वाटलं, भास. मग तिनं दारातून पाहिलं. विनीच्या घराचं दार सताड उघडं, चुलीवरून भांडं उतरलेलं, आणि ओनोरा आत. पोरगी सबीनाच्या शेजारी बसली होती आणि तिच्या हातात एक बटाटा होता. अर्धा खाल्लेला, वाफाळणारा.

नाब्लाच्या डोक्यात तिडीक गेली. ती तरातरा गेली आणि पोरीचं मनगट धरलं.

“विनी, हे बेणं आहे तुझं!”

“होतं.”

“पुढं काय लावशील? माती?”

“पोरगी उरली तर लावायचं बघू,” विनी म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. “हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायला माझ्यात ताकद नाही, नाब्ला. तूही बस. खा. ओनोराला तरी खाऊ दे.”

“बेणं खाणाऱ्या घरचा घास माझ्या पोरीला नको. ठेव तो बटाटा, ओनोरा.”

“आई, अर्धाच राहिलाय.”

“ठेव म्हणते ना!”

पोरगी शहाणी. तिनं तो अर्धा बटाटा भांड्याच्या काठावर ठेवला, बोटं चाटली आणि आईबरोबर घरी आली. सात वर्षांची होती. हट्ट केला असता, ओरबाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. आमच्या शहाण्या पोरांनीच आम्हाला मारलं.

मार्चमध्ये नाब्ला बेणं कापायला बसली. तीन पाट्यांतली सव्वा पाटी उरली होती. दारात उजेडाला बसून ती कापत होती आणि ओनोरा समोर उकिडवी बसून प्रत्येक गाभा झेलत होती. पोरीचे पाय सुजले होते आणि गालांवर बारीक लव आली होती. भुकेल्या पोरांना येते तशी.

“आई, जरा पातळ काप ना.”

“पातळ कापलं तर उगवत नाही गं.”

“एकच काप.”

“उगवलं की तुला पाटीभर देईन. तुझी एकटीची पाटी. मग तर झालं?”

सुरा तिच्या हातात होता. अंगठ्याचं एक पेर. अर्धं पेर ठेवलं असतं तरी कदाचित उगवलं असतं, कोण सांगणार. पण हाताला सवय होती, आणि हाताला गर्वही होता. एकही डोळा तिनं पेरापेक्षा पातळ कापला नाही. निघालेले गाभे दोन दिवस पुरले.

त्यानंतर आठ दिवसांनी ओनोराला जुलाब लागले. फेस्टी दुपारीच रस्त्यावरून परत आला, पोरीकडं बघितलं आणि म्हणाला, “ते बेणं काढ. शिजव.”

“परवा गुड फ्रायडे. लावायचंय.”

“नाब्ला, काढ म्हणतो!”

तिनं काढलं. पाच तुकडे काढले. सहावा हातात घेऊन परत ठेवला. हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं म्हणून ठाऊक, नाहीतर कोण बघायला होतं! तिनं ते शिजवले, कुसकरले, बोटानं पोरीच्या ओठांना लावले. पोरीनं तोंड उघडलं पण गिळवलं नाही. दातांच्या आत घास तसाच राहिला. दिवस मावळायच्या आत ती गेली. ताटलीत उकडलेलं बेणं पडलं होतं. उकडलेलं बेणं लावता येत नाही. नाब्लानं अर्धं फेस्टीला दिलं, त्यानं तोंड फिरवलं, मग तिनं सगळं खाल्लं. हे तिनं कुणाला विचारून केलं नाही आणि त्याची माफीही कुणाकडं मागितली नाही. पण त्यानंतर आयुष्यभर तिला बटाटा गिळताना एक क्षण थांबावं लागायचं.

गुड फ्रायडेला बेणं लावलं की बरकत येते, अशी आमची समजूत. पोरीला गुरुवारी मातीत ठेवलं आणि शुक्रवारी बेणं. पाटीभर समुद्राचं शेवाळ पाठीवर आणून खत म्हणून टाकलं, फेस्टीनं वरंबे ओढले, नाब्लानं एकेक डोळा आकाशाकडं तोंड करून ठेवला.

आणि देवाची थट्टा बघा. सत्तेचाळीस सालचं पीक लख्ख निघालं! पानावर डाग नाही, मुळाला कीड नाही. सगळ्या गावाचे वरंबे ओस, कारण लोकांनी बेणं खाल्लं होतं. आणि नाब्लाची पट्टी गुडघाभर हिरवी, पांढऱ्या फुलांनी भरलेली. लोक बांधावर येऊन बघायचे. पाद्रीबाबा येऊन म्हणाले, “नाब्ला, तुझ्या त्यागाचं फळ आहे हे.” तेव्हा ती थुंकली नाही. तिनं मान डोलावली. तिला ते खरं मानायचंच होतं. खरं नसेल तर मग पोरगी कशासाठी गेली?

सप्टेंबरात तिनं पहिलं भांडं चढवलं. पाणी ओतून टाकलं, पाटीवर बटाटे पसरले, दार उघडं होतं. वाफ बाहेर गेली आणि दारात विनी येऊन उभी राहिली. तिच्या झग्याला धरून सबीना. हाडं आणि डोळे एवढंच राहिलेलं, पण जिवंत. शिंपल्या आणि शेवाळ खाऊन दोघींनी उन्हाळा काढला होता. सबीना पाटीकडं बघत होती, आणि तिची उंची बरोबर तेवढीच होती जेवढी ओनोराची असायला हवी होती.

नाब्लाला ते बघवेना. माझी शहाणी गेली आणि या खादाड बाईची वाचली, एवढंच तिच्या मनात होतं, दुसरं काही नाही.

“बेणं खाल्लंस ना?” ती म्हणाली. “पोट भरलेलं असेल मग.”

“मला नको. पोरीला दे.”

“जे आहे ते पुढच्या साली लावायचंय.”

“नाब्ला, भांडं उतरलंय. दार उघडं आहे.”

“हे घे, लावलं.”

आणि तिनं दार लावलं. त्या गावात, बावीस घरांत, तोवर कुणी केलं नव्हतं ते नाब्लानं केलं. फेस्टीनं हातातला बटाटा पाटीत टाकला. “आता मासाही नको दाखवायला,” एवढंच म्हणाला. त्या दिवशी बंद दाराआड दोघंही जेवले नाहीत.

पुढचा हिवाळा तिनं रोज तीन बटाट्यांवर काढला, फेस्टीला पाच. बाकी सगळं पलंगाखाली. अठ्ठेचाळीसच्या वसंतात तिनं स्वतःची पट्टी लावली, पडीक पडलेल्या शेजारच्या दोन लावल्या, गावातल्या आणखी सात घरांना बेणं दिलं. सगळं तिच्या हातचं, पेरभर जाड. “या वर्षी खाऊ नका, लावा,” ती घरोघर सांगायची. लोकांनी ऐकलं. लख्ख पीक त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटचं पांघरूण विकून, उपाशी राहून लोकांनी लावलं. माणूस आहे तो, एक चांगलं वर्ष दिसलं की त्याला वाटतं, देवाचा राग गेला.

जुलैच्या शेवटी धुकं आलं.

नाब्ला दारात होती. तिला वास आला आणि ती जागीच खाली बसली. मग उठून पट्टीवर गेली, हातांनी माती उकरली. बोटं लगद्यात गेली. काळा, गार लगदा. दुसऱ्या वरंब्यात तेच, तिसऱ्यातही तेच. खाडीकाठच्या वाळूपर्यंत ती गुडघ्यांवर सरपटत गेली. या वेळी वाळूनंही काही ठेवलं नव्हतं. आभाळच फाटलं तिथं ठिगळ कुठं लावणार!

फेस्टी गावातल्या सात जणांबरोबर शहराच्या गरीबखान्याकडं निघाला. “चल,” म्हणाला. ती उठली नाही. तो गेला. गरीबखान्यातून त्याचा काही निरोप आला नाही, तोही आला नाही. नाब्ला दोन दिवस बांधावर बसून होती. सात घरांतलं एकही माणूस तिच्याकडं आलं नाही, आणि आलं असतं तर काय बोललं असतं ते तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिचा हात धरला. सबीना होती.

“आई म्हणते, भांडं उतरलंय.”

विनीच्या घराला आता दारच नव्हतं. ते तिनं हिवाळ्यात जाळलं होतं. चुलीपाशी भांड्यात शिंपल्या आणि रानपाला उकळत होता. विनीनं मान वर केली.

“ये. लावायला दारच नाही आमच्याकडं, तेव्हा घाबरू नकोस.”

नाब्ला बसली. सबीनानं वाडगा पुढं सरकवला. दोन घोट घेतल्यावर नाब्ला म्हणाली, “तू बेणं खाल्लंस ते बरं केलंस.”

“बरं कसलं डोंबलाचं!” विनी एकदम तडकली. “मला काय स्वप्न पडलं होतं? पोरगी रडत होती, मी भांडं चढवलं. तुझं पीक राहिलं असतं तर मी मूर्ख ठरले असते आणि तू शहाणी. गप खा.”

नाब्लानं गप खाल्लं. त्यानंतर दोघी एकाच घरात राहिल्या. भांडल्याही रोज.

विनी पुढं चार वर्षांनी तापानं गेली. सबीनाला नाब्लानं वाढवलं. सबीनाचा झगा दर वर्षी लांब करावा लागायचा, आणि तो लांब करताना नाब्लाला ठाऊक असायचं की आणखी एक झगा किती लांब झाला असता. बटाटे पुन्हा पिकायला लागले होते, कधी बरे, कधी वाईट. पण बेणं कापायला तिच्याकडं आता कुणी येत नव्हतं. तिची स्वतःची पट्टी तर गावाचा हसायचा विषय झाली. अर्धे वरंबे टक्कल पडल्यासारखे. ज्या बाईचा एक डोळा वाया जात नव्हता, तिचे निम्मे सडायचे.

सबीना एकोणीस वर्षांची झाली आणि अमेरिकेला जायला निघाली. आमच्याकडची सगळी पोरं निघायची तशी. निघायच्या दिवशी सकाळी ती दारात आली तेव्हा नाब्ला उजेडाला बसून बेणं कापत होती. सुऱ्यानं ती डोळ्यांची नुसती सालं काढत होती, कागदासारखी, मागं गर जवळजवळ नाहीच. गाभे आधीच भांड्यात पडले होते आणि भांडं चुलीवरून उतरलं होतं.

“मावशी, किती पातळ कापतेस! हे उगवायचं नाही. तूच सांगायचीस म्हणे सगळ्यांना.”

“न उगवो.”

तिनं भांड्यातला सगळ्यात मोठा गाभा काढून सबीनाच्या हातावर ठेवला. सबीनानं खाल्ला, निम्मा. बोट चुकेल म्हणून तिला घाई होती. उरलेला अर्धा ती भांड्याच्या काठावर ठेवायला लागली.

नाब्लानं तिचं मनगट धरलं.

“सगळा खा,” ती म्हणाली. “तो अर्धा तिथं ठेवू नकोस.”